जुना व्हॅक्यूम क्लीनर: दोन स्पीड, तीन स्विच आणि सगळं ‘डायरेक्ट’

८ जून २०२५, रविवार

मशीन असं आहे. पत्र्याचा आडवा सिलिंडर, खाली घसरायला दोन स्टीलच्या पट्ट्या, पुढे झाकण आणि त्याला कडी, मागे हवा बाहेर पडायची जाळी. नेमप्लेट अर्धी गंजलीये पण कामाचं तेवढं वाचता येतं, २२०-२४० व्होल्ट, ५५० वॅट, एसी/डीसी. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण पुढे जे काय निघेल त्यात कंपनीचा दोष कमी आणि मधे ज्यांनी ज्यांनी हात घातला त्यांचा जास्त असणार, हे स्क्रू बघूनच कळतंय. एकाही स्क्रूचा खाचा धड नाही.

आत्याच्या मिस्टरांनी साठच्या दशकात बोटीवर असताना आणलेला. आता पार्ल्याची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जातेय म्हणून माळे रिकामे चाललेत. आत्याची तक्रार दोन वाक्यांत: पूर्वी पडद्यांना हळू आणि सतरंजीला जोरात असे दोन स्पीड होते ते आता कुठेही फिरवा एकच झालाय, आणि हँडलला हात लावला की झिणझिण्या येतात. म्हणून ती रबरी चप्पल घालून वापरायची. मी म्हटलं आत्या, हे कधीपासून? तर म्हणे, “अरे तो दुरुस्त करून आणला ना, तेव्हापासून.”

आज प्लगमधे घातलेला नाही. उघडून बघितल्याशिवाय घालणारही नाही.

११ जून, बुधवार

ऑफिसमधून आल्यावर उघडला. मोटर, दोन टप्प्यांचा पंखा (दोन्ही पंख्यांना नऊ-नऊ पाती), सगळ्यावर साठ वर्षांची करडी धूळ आणि एक हेअरपिन.

आता मुद्द्याचं. या मशीनमधे मूळचे तीन स्विच आहेत. एक वरचा फिरवायचा, ०-१-२. दुसरा झाकणाखाली, झाकण बंद झालं की दाबला जाणारा. तिसरा सगळ्यात भारी, रबरी पडद्याला जोडलेला, पिशवी भरली की मोटर बंद करणारा. अमेरिकेतल्या इलेक्ट्रोलक्सने १९५० च्या दशकात पिशवी भरल्यावर आपोआप बंद होणारी मशिनं काढली होती हे वाचलेलं, पण हातात घेऊन असा प्रकार पहिल्यांदा बघतोय.

यातला झाकणाचा स्विच: दोन्ही वायरी एकमेकांना पीळ देऊन वर काळी टेप. पडद्याचा स्विच: तेच. फिरवायच्या स्विचची १ आणि २ दोन्ही टोकं एकाच वायरीवर, आणि फील्ड कॉइलमधून (मोटरच्या स्थिर भागाच्या गुंडाळीतून) येणारी तिसरी वायर तुटकी, आत दुमडून ठेवलेली. म्हणजे तिन्हीच्या तिन्ही ‘डायरेक्ट’, स्विचचं काम वगळून वायरी सरळ जोडलेल्या. झाकण उघडं ठेवून चालू केला असता तर धुळीची पिशवी बाहेर आणि समोर पंखा फिरतोय.

फोटो काढून ठेवलेत, प्रत्येक वायरीला चिकटपट्टीवर नंबर लिहून लावलेत. त्याशिवाय पुढे जायचं नाही.

१४ जून, शनिवार

पाऊस यंदा मे महिन्यातच येऊन बसलाय आणि घरात मिठाला पाणी सुटतंय, अशा हवेत जुन्या वाइंडिंगचं इन्सुलेशन तपासणं म्हणजे वाईटात वाईट आकडा मिळणार, पण तोच आकडा हवाय. ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन मोजायचं मीटर) लावला. वाइंडिंग ते बॉडी ०.४ मेगओहम. एक मेगओहमच्या खाली म्हणजे चालवायचं नाही.

त्यातलं किती ओलाव्यामुळे आणि किती कपॅसिटरमुळे हे वेगळं करायला कपॅसिटर काढला. हा रेडिओत खरखर येऊ नये म्हणून लावलेला असतो, एक भाग दोन वायरींच्या मधे आणि दोन छोटे भाग वायर ते बॉडी. मेणकागदाचा जुना माल, बाजूने चिरलेला, चिकट. काढल्याबरोबर रीडिंग २ च्या वर. आत्याच्या झिणझिण्यांचा मोठा वाटेकरी सापडला.

मात्र कपॅसिटर एकटा नाही. वायर दोनच कोरची आहे, अर्थिंग नाही, बॉडी पत्र्याची. त्यात दोन पिनचा प्लग उलटासुलटा कसाही बसतो, त्यामुळे स्विच कधी फेजमधे कधी न्यूट्रलमधे, म्हणजे ‘बंद’ असतानाही आख्ख्या वाइंडिंगला फेज असू शकतो. रबरी चप्पल हा त्यावरचा घरगुती उपाय, आणि तो इतकी वर्षं चालला यात नशिबाचा भाग किती ते विचारू नका.

मोटर खोक्यात, वर ६० वॅटचा पिवळा बल्ब, खोक्याला भोकं. दोन दिवस तसंच ठेवणार.

१६ जून, सोमवार

मेगर: १२ मेगओहम. खूश.

२१ जून, शनिवार

मोटरचा दिवस. ही युनिव्हर्सल मोटर, म्हणजे फील्ड आणि आर्मेचर (फिरणारा भाग) सिरीजमधे, आपल्या मिक्सरमधे असते तीच जात, म्हणूनच प्लेटवर एसी/डीसी. बेअरिंग ६०८, आठ-बावीस-सात, ही कुठेही मिळते, नागदेवीतून दोन नवीन आणली, संपला विषय.

कार्बन, म्हणजे फिरणाऱ्या भागाला घासून वीज पोचवणारे ठोकळे, अगदी मुळाशी आलेले. लोहार चाळीत एकाने मिक्सरचे कार्बन दाखवले, म्हणे घासून बसवा. साइझ घासून बसेल हो, पण ग्रेडचं काय, नरम कार्बन लवकर जातो आणि कडक कार्बन कम्युटेटर (आर्मेचरवरच्या तांब्याच्या पट्ट्या, ज्यांवर कार्बन घासतो) खातो. शेवटी दुसऱ्या दुकानात याच जातीच्या मोटरचा थोडा मोठा कार्बन मिळाला, तो काचपेपरवर घासून आणला. कम्युटेटरही बारीक काचपेपरनेच साफ केला. एमरी वापरायचा नाही, त्याचे कण तांब्यात रुततात आणि पट्ट्यांच्या मधे अडकतात. पट्ट्यांच्या मधला माइका वर आला होता, तो हॅकसॉच्या पात्याचा तुकडा ग्राइंडरवर पातळ करून एकेक खाच ओढत खाली घेतला. मान मोडली.

मग ती तुटकी तिसरी वायर. इथे थांबून सांगतो कारण ही सगळी गंमत यातच आहे. या मशीनमधे स्पीड बदलायला ना रेझिस्टन्स आहे ना डायोड, आजच्यासारखं इलेक्ट्रॉनिक तर नाहीच. एका फील्ड कॉइलमधून मधेच एक टोक बाहेर काढलंय, त्याला टॅप म्हणतात. पूर्ण कॉइल वापरली की स्पीड कमी, टॅपवरून वापरली की स्पीड जास्त. ऐकायला उलटं वाटतं, की वेढे कमी केले, चुंबक कमजोर झालं, मग मोटर जोरात कशी? तर मोटर फिरताना स्वतःच उलटं व्होल्टेज तयार करते आणि ते लाइनच्या व्होल्टेजच्या जवळ जाईपर्यंत तिचा वेग वाढत राहतो. चुंबक कमजोर असेल तर तेवढंच उलटं व्होल्टेज तयार करायला तिला जास्त जोरात फिरावं लागतं. करंटही जास्त ओढते, म्हणून ताकद टिकते.

याच कारणाने सिरीज मोटर पंख्याशिवाय २३० वर कधीच लावायची नाही. लोड नसेल तर ती वेडी होते, वेग वाढतच जातो आणि आर्मेचरच्या तारा बाहेर फेकल्या जाऊ शकतात. नुसती मोटर तपासायची तर डिमरस्टॅटवर (व्होल्टेज कमी-जास्त करायचं यंत्र) ४० व्होल्ट, तेही करंट आवरायला सिरीजमधे बल्ब घालून.

मीटर लावल्यावर कळलं की पूर्ण कॉइलचं टोक बाहेरच्या वेढ्यापाशी, जोडाच्या दोन सेंटिमीटर आत तुटलंय. एवढंच. एनॅमल खरवडलं, कंटिन्यूइटी आली, नवीन तुकडा सोल्डर केला, स्लीव्ह, एम्पायर टेप, दोऱ्याने बांधून वर वार्निश. म्हणजे त्या वेळी लो स्पीड बंद पडला, दुरुस्ती करणाऱ्याने तुटलेलं टोक शोधायच्या ऐवजी दोन्ही पोझिशन टॅपवर जोडून दिल्या, आणि तेव्हापासून पडदे फुल स्पीडवर.

२२ जून, रविवार

वार्निश वाळतंय. या हवेत कासवाच्या गतीने.

स्पीड आणि स्विच यांची सांगड जुन्या लोकांनी किती डोकं लावून घातली होती ते बघत बसलो. हूव्हरच्या १९५७ च्या कन्व्हर्टिबलमधे गालिच्यावर चालवताना एक स्पीड आणि पाइपचा जोड मागे खुपसला की त्या जोडानेच आतला स्विच दाबला जाऊन मोटर आपोआप वरच्या स्पीडवर. कारण पाइपमधून ओढायला जास्त सक्शन लागतं. माणसाला काही लक्षात ठेवायला नको. आपल्याकडे घरोघरी व्हॅक्यूम क्लीनर हा शब्द पोचला तो युरेका फोर्ब्सच्या टायवाल्या सेल्समनमुळे, ती कंपनीच १९८२ ची, त्यामुळे त्याआधीची मशिनं मुंबईत दिसतात ती बहुतेक अशीच, बोटीने आलेली किंवा कुणी साहेब जाताना विकून गेलेली. त्यांचे पार्ट इथे कधी नव्हतेच, म्हणून ‘डायरेक्ट’. तेवढं समजून घेतो. माफ करत नाही.

२८ जून, शनिवार

लॅमिंग्टन रोड, इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार. कपॅसिटर मागितला तर पोराने ०.१ मायक्रोफॅरड ४०० व्होल्टचा पॉलिएस्टर हातात ठेवला. म्हटलं हा डीसीचा आकडा आहे, मला दोन वायरींच्या मधे लावायचा सेफ्टीवाला एक्स-टू हवाय, २७५ व्होल्ट एसी लिहिलेला, आणि वायर ते बॉडीसाठी वाय-टू, २.२ नॅनोफॅरड. “दादा, व्हॅल्यू तीच आहे की.” व्हॅल्यू तीच आहे पण फेल होताना कसा फेल होतो तो प्रश्न आहे. वाय-टू अशा बेताने बनवलेला असतो की जाताना शॉर्ट होऊन बॉडीला फेज देऊ नये. २.२ नॅनोमधून २३० व्होल्टला जेमतेम ०.१६ मिलिअँपिअर गळतो, आणि तोही आता अर्थिंगमधे जाईल.

झाकणासाठी लिव्हरवाला मायक्रोस्विच, १६ अँपिअर २५० व्होल्ट. चालताना अडीच अँपिअर लागतात पण सुरू होताना कितीतरी पट जातात, लहान स्विचचे कॉन्टॅक्ट चिकटून बसतात आणि चिकटलेला सेफ्टी स्विच म्हणजे परत डायरेक्टच. कनेक्शन कॉमन आणि एनओ (न दाबता तुटलेलं) टोकांवर. म्हणजे झाकणाने दाबला तरच सर्किट पूर्ण. एनसीवर (न दाबता जुळलेलं टोक) केलं असतं तरी उलट्या बाजूने दाबायची युक्ती करून चाललं असतं, पण मग लिव्हर वाकली किंवा तुटली तर मोटर चालूच राहिली असती. बिघाड झाला तर बंद पडावं, चालू राहू नये.

परत येताना परळच्या वाइंडिंगवाल्या मिस्त्रींना आर्मेचर दाखवलं, ग्राउलरवर (आर्मेचर आतून शॉर्ट आहे का बघायचं चुंबकी यंत्र) ठेवून त्यांनी पातं फिरवलं, कुठे थरथरलं नाही, म्हणाले आर्मेचर एकदम ओके. मग आत डोकावले. “दादा, एवढं कशाला? ह्या दोन वायरी जोडून देतो, पाच मिन्टाचं काम.” म्हटलं मिस्त्री, त्या जोडलेल्याच होत्या, मी सोडवून आणल्यात. हसले. चहा पाजला.

२९ जून, रविवार

स्विचचा रबरी पडदा. मूळ रबर लाकडासारखं कडक आणि मधे फाटलेलं. गॅस गिझरचा डायफ्राम मिळतो तो जवळच्या साइझचा निघाला, कडा कापून बसला.

काम कसं करतं ते असं. पडद्याच्या एका बाजूला पिशवीच्या पुढची हवा, म्हणजे पाइपच्या बाजूची, आणि दुसऱ्या बाजूला पिशवीच्या मागची, पंख्याच्या बाजूची. पिशवी स्वच्छ असली की दोन्हीकडे जवळपास सारखं. पिशवी भरत गेली की फरक वाढतो, पडदा सरकतो, स्विच तुटतो. आणि तुटल्यावर एक छोटी कडी त्याला अडकवून ठेवते, नाहीतर मोटर थांबली की फरक शून्य, स्विच परत जुळणार, मोटर परत सुरू, असा खेळ चालला असता. ती कडी सुटते फक्त झाकण उघडल्यावर. म्हणजे पिशवी बघितल्याशिवाय सुटका नाही. असं डिझाइन केलेल्या माणसाला भेटायला आवडलं असतं.

सेट करायला मोजमाप हवं. गवंडी लेव्हल काढायला वापरतात तो पारदर्शक पाइप यू आकारात खिडकीच्या ग्रिलला बांधला, पाण्यात थोडी हळद, एक टोक पिशवीच्या पुढे, एक मागे. शेजारच्या काकू गॅलरीतून विचारून गेल्या की सलाइन कुणाला लावलंय.

५ जुलै, शनिवार

सगळं जोडलं. तीन कोरची नवीन वायर, तीन पिनचा प्लग, अर्थिंग बॉडीला रंग खरवडून स्टार वॉशरखाली. सर्किट असं: फेज, झाकण, पडदा, मग फिरवायचा स्विच, मग मोटर. आधी सिरीज बल्बवर, मग डिमरस्टॅटने हळूहळू वर, मग ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीमागे (करंट गळला की तोडणारा स्विच) थेट २३०. ट्रिप नाही. वास नाही. कार्बनपाशी बारीक निळी ठिणगी, तेवढी चालते.

मोटर आत गेल्यावर शाफ्ट दिसत नाही त्यामुळे टॅकोमीटर लागत नाही, पण आवाजावरून स्पीड काढता येतो. फोनवर फ्रीक्वेन्सी दाखवणारं अॅप लावलं. पंख्याला नऊ पाती, म्हणून सगळ्यात ठळक सूर म्हणजे एका सेकंदातल्या फेऱ्या गुणिले नऊ. हायवर २१४२ हर्ट्झ, म्हणजे २३८ फेऱ्या सेकंदाला, मिनिटाला १४,२८०. लोवर १६७४ हर्ट्झ, म्हणजे ११,१६०. मोटर बाहेर असताना चमकती पट्टी लावून टॅकोने पंख्यासकट घेतलेले आकडेही याच्या आसपास होते, त्यामुळे विश्वास ठेवतो.

वेग २२ टक्केच कमी झाला पण करंट २.५ वरून १.३ वर. पंख्याचा नियमच तो, सक्शन वेगाच्या वर्गाने आणि लागणारी ताकद घनाने बदलते, ०.७८ चा घन म्हणजे जवळपास निम्मं. खिडकीचा पडदा आता नळीत न शिरता साफ होतो.

आता जे बघून मी जरा गप्प झालो ते. हायवर पाइपच्या तोंडावर हात ठेवला, पूर्ण बंद. आवाज चढला, २५६५ हर्ट्झ, म्हणजे १७,१०० फेऱ्या. सगळे म्हणतात ‘लोड आला’, पण क्लॅम्प मीटर १.६ अँपिअर दाखवतोय, म्हणजे लोड उतरला. हवा हलतच नाहीये तर पंखा काम काय करणार. पण या मोटरला थंडही तीच हवा करते. म्हणजे पाइपमधे मोजा अडकला की मोटर हलकी, जोरात, आणि आतल्या आत तापत जाणारी. आणि पडद्याचा स्विच? ढिम्म. बरोबरच आहे, हवा वाहत नाही तर पिशवीच्या पुढे-मागे फरकच नाही, दोन्हीकडे सारखीच पोकळी. १४५० मिलिमीटर पाण्याचं सक्शन एकूण, पण यू-पाइपमधे दोन्ही पातळ्या समोरासमोर.

तो स्विच फक्त पिशवीसाठी आहे. पाइपच्या तुंबण्यावर मूळ मशीनमधे काहीच नाही.

६ जुलै, रविवार

आषाढी, घरी खिचडी, त्यामुळे दुपारपर्यंत सुस्ती.

बायमेटलचा ९० डिग्रीचा कटआउट (तेवढं तापलं की सर्किट तोडणारा) कालच आणलेला, तो फील्डच्या पत्र्यांच्या गठ्ठ्यावर क्लिपने दाबून बसवला, सर्किटमधे फिरवायच्या स्विचच्या आधी. जुनं एनॅमल जुन्या क्लासचं, १०५ डिग्रीची मर्यादा धरून चाललोय, आणि पत्रा ९० ला असेल तेव्हा आतली तार त्याहून गरम असणार, त्यामुळे याहून वरचा घेतला नाही. मुद्दाम बटण दाबून रिसेट करायचा प्रकार घेतला. आपोआप जुळणारा स्वस्त असतो, पण मशीन बंद पडलं म्हणून कुणी झाकण उघडून, पिशवी काढून, परत लावून बघतंय आणि तेवढ्यात ते स्वतःहून सुरू झालं तर.

पाइपवर पाट ठेवून हायवर चालू ठेवलं. चार मिनिटांच्या आत टक् करून बंद. थंड झाल्यावर बटण दाबलं, चालू.

रबरी पडदा ३५० मिलिमीटर पाण्याच्या फरकाला सेट केला. नवीन कापडी पिशवीला जेमतेम ६० येतात. पिशवीला बाहेरून प्लास्टिक गुंडाळत गेलो, ३५० च्या आसपास कडी पडली आणि मोटर बंद. लोवर मात्र तीच गुंडाळलेली पिशवी २०० च्या आसपासच दाखवते आणि कडी पडत नाही. वेग कमी तर फरकही कमी, हे होणारच. लोवर तुटेल असा स्क्रू फिरवला तर हायवर अर्ध्या भरलेल्या पिशवीला बंद पडेल. त्यामुळे स्क्रू हायचाच ठेवला आणि आत्याला सांगितलं की फक्त पडदेच झाडत असलीस तरी महिन्यातून एकदा हायवर चालवून बघायचं, बंद पडला तर पिशवी रिकामी.

आत्या फोनवर: “आणि चप्पल?”

नको म्हटलं.

झाकणाच्या आतल्या बाजूला वायरिंगचा कागद लॅमिनेट करून चिकटवलाय, मराठीत, कुठली वायर कुठे आणि कुठला स्विच कशासाठी. पाइपचं मशीनकडचं रबर अजून गळतंय, तिथे हवा ओढते. मापाचं सापडलं तर पुढच्या शनिवारी, नाहीतर सायकलच्या ट्यूबचा पट्टा आहेच.